भर दुपारची गॅसबत्ती

वेठेकर सरांनी बावीस वर्षं नववीच्या पोरांना ‘दाब’ हा धडा शिकवला होता आणि त्या बावीस वर्षांत दाबाने त्यांचा एकदाही अपमान केला नव्हता. फळ्यावर बाण काढायचे, सूत्र लिहायचं, ‘समजलं का?’ विचारायचं आणि पोरांनी ‘हो सर’ म्हणायचं, असा दोघांचा सलोखा होता. तो बिघडला दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात, सासुरवाडीच्या गोठ्यात.

सासुरवाडी म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं लोणी. मेहुणे चांगदेव वाळुंज जुन्या गोठ्याचा माळा उपसत होते. भंगारवाला दारात तराजू लावून उभा होता. कडब्याच्या धुरळ्यातून एक काळीकुट्ट गॅसबत्ती खाली आली आणि सरांनी ती सहज हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली.

“हिची वात कुठंय?”

“बत्तीला वात नसती दाजी. जाळी असती.”

“मग रॉकेल वर चढतं कसं?”

“दाबानं,” चांगदेव म्हणाले आणि पुढचा भारा खाली टाकला.

चांगदेव सातवी नापास होते. सर गोठ्याच्या दारात तसेच उभे राहिले. दाब असा हातात धरता येतो, त्याला पितळेची टाकी असते, पंप असतो आणि तो मेहुण्याला माहीत असतो, हे त्यांना पन्नासाव्या वर्षी कळत होतं. त्यांनी बत्ती तराजूत पडू दिली नाही आणि एस.टी.त मांडीवर ठेवून पिंपरी पेंढारला आणली. त्यांच्या पांढऱ्या पँटचं पुढे काय झालं, ते चंद्रभागाबाईंना विचारावं.

चंद्रभागाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. वस्तू माहेरची म्हणून त्या पहिला दिवस गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून बत्तीचा उल्लेख त्या ‘ती’ असा करू लागल्या. ‘तिला बसवलंय का सोफ्यावर? मग मी उभी राहते.’

एक जुनी वस्तू घरात असली तर ती अडगळ. दोन असल्या तर योगायोग. तीन झाल्या की माणूस स्वतःला संग्राहक म्हणवून घेतो आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ उरत नाही. श्रावणापर्यंत सरांकडे पाच बत्त्या झाल्या. एक गुऱ्हाळातून आली, दोन भंगारातून, आणि एक देवळाच्या पंचांनी ‘न्या, पण परत आणू नका’ असं निक्षून सांगून दिली. मुलीच्या लग्नात आलेल्या कपबश्या शोकेसमधून खाली उतरल्या आणि तिथे पाच टाक्या ओळीने बसल्या. पितांबरी आणि चिंच लावून सरांनी त्या लखलखीत केल्या. पेटत मात्र एकही नव्हती.

गावात एखादी गोष्ट बिघडली की ती दुरुस्त करणारा भेटत नाही, पण सांगणारे वीस भेटतात. सरांच्या वाट्याला शेजारचे धर्माजी आले होते. धर्माजी एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुटायचं.

“मास्तर, एस.टी.त असताना माज्या हाताखालून लई इंजनं गेली. ह्यो पंप हवा धरत न्हाई, कारण चामड्याचं वायसर सुकलंय. एरंडेलात भिजवा.”

भिजवलं. हवा धरेना. मग धर्माजी म्हणाले, खोबरेल. समोरच्या अंबाबाई म्हणाल्या, साजूक तूप. पोस्टमनने सायकल थांबवून करडईचं तेल सुचवलं. त्या महिन्यात पंपाचं वॉशर घरातल्या माणसांपेक्षा बरं खात होतं. शेवटी त्याला काय मानवलं कोण जाणे, पण एका रविवारी ते फुगलं आणि टाकीत हवा राहिली. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी पेटवायची घाई केली. आधी बर्नर स्पिरिटने चांगला तापवायचा असतो, ही गोष्ट त्यांनी छताला काळा गोल पडल्यावर शोधून काढली.

मग जाळीचं प्रकरण. ही जाळी असते कापडी पिशवीसारखी. ती बर्नरला बांधून आधी जाळून टाकायची. जळून जी राख लोंबत राहते तीच पुढे उजेड देते. मात्र तिला हात लावायचा नाही. जळून गेल्यावर कामाला लागणारी ही जगातली एकमेव वस्तू आहे, असं सरांनी वहीत लिहून ठेवलं, खाली तारीखही घातली. पहिल्या जाळीवर धूळ दिसली म्हणून त्यांनी हळूच फुंकर मारली; जाळी गेली. दुसरीसमोर धर्माजी शिंकले. तिसऱ्या वेळी चंद्रभागाबाईंनी दार आपटलं, पण त्यांना कारण होतं, कारण त्यांचं ओवा भाजायचं भांडं सरांनी स्पिरिटसाठी नेलं होतं.

तोवर रॉकेल संपलं. सरांच्या शिधापत्रिकेवर दोन गॅस सिलिंडरचा शिक्का होता, म्हणून त्यांना रॉकेल मिळत नव्हतं. तरी एक अर्ज करून बघू म्हणून ते तालुक्याच्या गावी कचेरीत गेले. कारकून भला माणूस होता. त्याने अर्ज पूर्ण वाचला, हेच विशेष.

“घरी वीज आहे?”

“आहे, पण नसते. दिवसाला बारा तास भारनियमन.”

“म्हणजे आहे.”

“अहो, आत्ता तुमच्या डोक्यावरचा पंखासुद्धा बंद आहे.”

कारकुनाने वर पाहिलं. “पंखा बंद आहे सर. कनेक्शन चालू आहे.” मग त्याने पेन फिरवलं. “आणि इथं कारणात तुम्ही ‘छंद’ लिहिलंय. लग्न सांगा, मयत सांगा, पाण्याचं इंजिन सांगा. छंदाला रकाना नाही.”

सर अर्ज घडी करून परत आले. एवढ्या वर्षांत आपल्याला पहिल्यांदाच छंद लागावा आणि त्याला रकाना नसावा, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. पण काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. आळीच्या टोकाला राहणाऱ्या प्रयागबाईंकडे रॉकेल होतं. सत्तरीची बाई, चुलीवर स्वयंपाक, रेशनचं रॉकेल अर्धं तसंच राहायचं.

“बाटलीभर देते की मास्तर,” त्या म्हणाल्या. “पर पेटवताना मला बलवायचं. मी लई वराती केल्यात.”

“वराती?”

“डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बत्ती, आन् म्होरं नवरदेवाचं घोडं. आमी सहाजणी चालायचो. वर बघता येत न्हाई, मान हलवता येत न्हाई. डोक्याला ऊब कमी लागली की समजायचं, हवा उतरली. मग वरडायचं, पंप मारा रं!”

सर हे ऐकत असताना त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांनी वही काढून ‘ऊब – डोके – दाब’ असं लिहून घेतलं. क्रमिक पुस्तकात यातलं काहीही नव्हतं.

आता राहिल्या जाळ्या. त्या शोधत सर आळेफाट्याला रिखबचंद शेठच्या दुकानात गेले. दुकान आजोबांच्या काळापासूनचं. घमेली, साखळ्या, कंदिलाच्या काचा, सगळं एकावर एक. शेठचा मुलगा बंटी पुण्यात स्थिरावला होता आणि दिवाळीनंतर दुकान बंद करून शेठ आणि त्यांच्या पत्नी मंगलाबाई त्याच्याकडे राहायला जाणार होते. माल निघत होता. शेठनी जाळ्यांचा खोका काढला आणि सरांचे डोळे चमकलेले पाहून आणखी एक खोका माळ्यावरून उतरवला.

आत गवतात गुंडाळलेली गॅसबत्ती होती. कोरी. टाकीवर एक ओरखडा नाही, बर्नरची चिनी माती दुधासारखी पांढरी, काचेवर अजून कारखान्याचा कागद. हिला कधी रॉकेलचा थेंबही लागला नव्हता.

“एकोणीसशे चौसष्टची,” शेठ म्हणाले. “गावात वीज आली आणि ही एक राहिली. वडिलांनी आणि मी मिळून तीनशेच्या वर बत्त्या विकल्या असतील.”

“मग शेठ, हिचा जेट कसा साफ करायचा ते तुम्हीच दाखवा मला.”

शेठ हसले. “सर, मी जन्मात बत्ती पेटवलेली नाही. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण. बत्ती लावली की किडे येणार, पोळून मरणार. वडील म्हणायचे, विकायची, पण लावायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं, लावून दाखवा, की आम्ही समोरच्या सायकलवाल्याकडं पाठवायचो. बाहेर वराती निघायच्या तेव्हा आमचं दार लावलेलं असायचं.”

सरांनी त्या बत्तीला हात लावला तो काढवेना. किंमत विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेठनीच सांगून टाकलं. हायवेला एक नवं हॉटेल होत होतं, गावरान थाटाचं. बैलगाडीचं चाक, नांगर, जातं असं सगळं त्या मालकाने गोळा केलं होतं. सोमवारी तो बत्ती न्यायला येणार होता.

“आतलं सगळं काढून बल्ब बसवणार म्हणतो.”

“बल्ब?” सर एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. “शेठ, ही बत्ती आहे! हिच्या पोटात बल्ब घालणार?”

शेठनी खोक्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, “असं करा. मला एकदा पेटवून दाखवा. ही नाही, ही कोरी राहू द्या. तुमची एखादी. रविवारी, दुपारी बाराला, म्हणजे किडे येणार नाहीत. पेटली तर ही तुमची, अशीच न्या. नाही पेटली तर तुमच्याकडं तरी कशाला ठेवायची? हॉटेलात निदान उजेड तरी पडेल.”

सर घरी आले ते सरळ शोकेससमोर बसले. पाचांपैकी लोणीची बत्ती त्यातल्या त्यात शहाणी होती. चार दिवस त्यांनी तिच्यावर काढले. सगळे पुर्जे रॉकेलमध्ये धुतले, रॉकेल फवारणाऱ्या जेटच्या बारीक भोकात पिन मारली, बर्नर दोनदा तापवला. शुक्रवारी सात वाजता वीज गेली आणि अंगणात प्रयागबाईंच्या देखरेखीखाली सरांनी काडी ओढली. जाळी आधी लाल झाली, मग पिवळी, मग एकदम पांढरीशुभ्र. समोरच्या अंबाबाईंच्या भिंतीवरचं पल्स पोलिओचं पोस्टर वाचता येऊ लागलं. प्रयागबाईंनी बत्तीवर हात धरला. “ऊब बराबर हाय,” त्या म्हणाल्या. धर्माजींनी आपल्या एरंडेलाला श्रेय दिलं.

आणि चंद्रभागाबाई? त्या तांदळाचं ताट घेऊन त्या उजेडात येऊन बसल्या. आळीतल्या बायका जमल्या, तेव्हा त्यांना पहिल्यांदा सांगितलं, “माझ्या माहेरची आहे.” सरांना फार बरं वाटलं. इथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

आपल्याकडे पितळेच्या वस्तूवर नाव नसलं तर ती वस्तू चोरीची किंवा पोरकी समजतात. तांब्या असो, पातेलं असो, कुणी कुणाला दिलं ते त्यावर ठोकून घेतल्याशिवाय बाईमाणसाला चैन पडत नाही. शनिवारी सर शाळेत गेले आणि चंद्रभागाबाईंनी बत्ती टॉवेलात गुंडाळून भांड्यांच्या दुकानात नेली. नाव घालणारा छिन्नी-हातोडीवाला जुन्या वळणाचा माणूस होता. पातेल्याला आतून लोखंडाचा टेका देऊन तो ठोके मारतो. टाकीच्या आत टेका द्यायला जागा नव्हती, म्हणून त्याने ठोके जरा जोरातच मारले.

रविवारी धर्माजी आणि प्रयागबाईंसह जीपमध्ये बसल्यावर चंद्रभागाबाईंनी लाजत टॉवेल बाजूला केला. टाकीच्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं: ‘चांगदेव गेणू वाळुंज, लोणी यांजकडून सौ. चंद्रभागा सावळेराम वेठेकर, पिंपरी पेंढार यांना सप्रेम भेट.’

“आज चारचौघांत न्यायची, बिननावाची कशी न्यायची?” त्या म्हणाल्या. “आवडलं का?”

“छान आलंय,” सर म्हणाले. त्यांना खरोखरच छान वाटलं होतं. आपलं नाव वाचताना माणसाला भौतिकशास्त्र आठवत नाही.

फाट्यावर रविवारची गर्दी. नाशिकची गाडी नुकतीच लागलेली. दुकानाच्या फळीवर भर उन्हात बत्ती मांडलेली बघून लोक थांबू लागले. “काय राव, आता उन्हाचंबी भारनियमन सुरू झालं का?” “पावणं, सूर्य दिसत न्हाई व्हय?” सरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. शेठ खुर्ची घेऊन बत्तीपासून दोन हातांवर बसले होते, मंगलाबाई आत उंबऱ्याशी. कोरी बत्ती गल्ल्यावर ठेवलेली होती.

सरांनी नवी जाळी बांधून जाळली, स्पिरिट ओतलं. बर्नर तापवला. पंप मारायला सुरुवात केली. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. एव्हाना हाताला पंप जड लागायला हवा होता. तो हलकाच राहिला. सरांच्या शर्टाची पाठ भिजली.

“मास्तर, थांबा,” प्रयागबाई म्हणाल्या. “हवा ऱ्हात न्हाई.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “हाटेलवाल्यालाच द्या शेठ.”

“परवा रात्री तर ठीक होती,” सर म्हणाले. त्यांचा आवाज शाळा तपासणीच्या दिवशी होतो तसा झाला होता.

धर्माजी कधी पुढे आले ते कळलं नाही. त्यांनी दुकानातली साबणाची वडी पाण्यात चोळली आणि फेस टाकीवर फिरवला. “आता मारा पंप.”

सरांनी पंप मारले. टाकीवर बुडबुडे यायला लागले. चांगदेव कोरडे होते. लोणी कोरडं होतं. बुडबुडे येत होते ते ‘सप्रेम’मधून, एक, दुसरा, मग टपोरे असे दोन. लोक खाली वाकून वाचू लागले आणि हसू लागले.

सरांना राग आला. तो एवढा आला की त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. चंद्रभागाबाईंना कळून चुकलं होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि डोळे भरले होते. उन्हाळ्यापासून त्यांनी सरांचे प्रयोग सहन केले होते आणि एक दिवस त्यांना अभिमान वाटला, तर त्याचं हे असं झालं. सरांचा राग जसा आला तसा उतरला.

“गळती सापडली,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “टाकी जुनी आहे, पत्रा झिजलाय. यात कुणाचा दोष नाही.”

“दोष सोडा,” धर्माजी म्हणाले. “एस.टी.त असताना माळशेजला माजी डिझेल टाकी फुटली व्हती. चाळीस पाशिंजर. कोरडा साबण घोळून लावला आन् गाडी डेपोत नेली. डिझेल साबणाला इरघळवत न्हाई, तर रॉकेल काय इरघळवणार?”

धर्माजींचा आजवरचा एकही सल्ला लागू पडला नव्हता. पण सरांपुढे दुसरा इलाज नव्हता. हवा सोडली, टाकी पुसून कोरडी केली, आणि धर्माजींनी अंगठ्याने कोरडा साबण ‘सप्रेम’मध्ये, मग खबरदारी म्हणून ‘सौ. चंद्रभागा’पासून ‘पिंपरी पेंढार’पर्यंत सगळ्या मजकुरात दाबून भरला. सरांनी पुन्हा स्पिरिट ओतलं, पुन्हा पंप धरला. तिसाव्या पंपाला हात जड लागला. त्यांनी चावी सोडली.

जाळी लाल झाली, पिवळी झाली आणि पांढरी झाली. भर दुपारच्या उन्हात उजेड असा काही पडला नाही. पण बत्ती बोलायला लागली. एकसुरी, भरीव असा फुस्कारा सुरू झाला आणि फाट्यावरच्या गाड्यांच्या गोंगाटातसुद्धा तो वेगळा ऐकू येत राहिला.

रिखबचंद शेठ खुर्चीतून उठले. त्यांनी हात लांब करून तिची ऊब पाहिली, मग कान जवळ नेला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

“मंगला, इकडं ये,” ते म्हणाले. “ही आवाज करते.”

मंगलाबाई आल्या. दोघंही ऐकत राहिले.

“तीनशे विकल्या सर,” शेठ म्हणाले, “आणि ही आवाज करते हे मला ठाऊक नव्हतं.”

हवा उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मग शेठ गल्ल्याकडे गेले. त्यांनी कोरी बत्ती दोन्ही हातांनी उचलली, आणि सर ती घ्यायला पुढे झाले. शेठनी ती दिली नाही. छातीशी धरली.

“सर, मी शब्द दिला होता. पण आता ही मला देववत नाही. ही मी पुण्याला नेतो.”

सरांचे हात तसेच पुढे राहिले होते, ते त्यांनी हळूच मागे घेतले. आपण हरलो असतो तर बत्ती हॉटेलात गेली असती. जिंकलो म्हणून ती पुण्याला चालली होती. त्यांना फार वाईट वाटलं. त्या बत्तीसाठी शोकेसमध्ये मधली जागा त्यांनी सकाळीच रिकामी केली होती.

“शब्द मोडला म्हणून रागावू नका,” शेठ म्हणाले. “जाळ्यांचा खोका तुम्ही न्या, सगळा. फक्त एक करा. मला शिकवा.”

सरांनी कोऱ्या बत्तीकडे पाहिलं, मग बहात्तर वर्षांच्या शेठकडे. बावीस वर्षांत कुठल्या पोराने आपणहून ‘शिकवा’ म्हटलेलं त्यांना आठवेना. त्यांनी नवी काडेपेटी मागितली आणि बाकावर जागा करून दिली. “बसा. पहिली गोष्ट, घाई करायची नाही.”

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, दुपारी बाराला, सरांच्या घरचा फोन वाजला. पुण्याहून शेठ होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत त्यांनी बत्ती लावली होती. सोसायटीच्या सेक्रेटरीला सिलिंडर गळतोय असं वाटून तो वर आला होता आणि आता स्टूल ओढून ऐकत बसला होता.

“पण सर, आवाज जरा बारीक येतोय. ऐका,” शेठ म्हणाले आणि त्यांनी फोन बत्तीजवळ धरला.

सरांनी डोळे मिटले. चंद्रभागाबाईंनी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद केला.

“हवा कमी आहे शेठ,” सर म्हणाले. “वीस मारा. मी धरतो फोन.”

पलीकडे पंपाचा आवाज सुरू झाला आणि सर इकडे मोजू लागले.